क्रिंजचा अर्थ कळव

धायरी, दि. १२ जानेवारी २०२५

चि. ऋतुजा हिस आबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. तुझ्या साखरपुड्यात टॉवेल-टोपीच्या मानाच्या वेळी तुझ्या पप्पांनी माईक माझ्या हातात दिला. पाहुण्यांची नावे घेता घेता मी तू बारावीला गणितात नापास झाल्याचे बोलून गेलो. पोर पडली पण पुन्हा उठली, असे मला म्हणायचे होते. तेजसरावांच्या आईने मान खाली घातली. मग जेवताना तू मैत्रिणींना म्हणालीस, की आबा फार क्रिंज आहेत. त्या हसल्या. मी मागेच ताट घेऊन उभा होतो.

मी चौथी शिकलेला. तुझ्या पप्पांना अर्थ विचारला, तर म्हणाला, सोडा हो आबा. म्हणजे शब्द वाईटच असणार. अर्थ कळव. मी लग्नाला यावे की नाही, तेही कळव.

तुझा ओशाळलेला,
जयसिंग आबा

कोथरूड, दि. १८ जानेवारी २०२५

ती. आबांना वाकून नमस्कार.

पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. दुसऱ्याचं वागणं पाहून आपणच लाजेनं अंग चोरावं, त्याला क्रिंज म्हणतात. आम्ही ते कशालाही लावतो. बॉसच्या शायरीला, स्वतःच्या जुन्या फोटोंना, पप्पांच्या गुड मॉर्निंगच्या फुलांना. हसत म्हणतो आणि विसरतो. त्या दिवशी मी हसत म्हटलं नव्हतं.

नापास झाल्याचं मी तेजसला सांगितलंच नव्हतं, आबा. लपवलं मी आणि शब्द तुमच्यावर फेकला. परवा त्याला सगळं सांगितलं. नापास झालीस त्याचं काही नाही, लपवलंस का, म्हणाला. अजून नीट बोलत नाही. लग्न मोडणार नाही, बहुतेक.

तुम्ही या. पुढच्या खुर्चीत बसा. फक्त माईक घेऊ नका.

माया आटू देऊ नका.
ऋतुजा

धायरी, दि. २२ जानेवारी २०२५

चि. ऋतुजास आशीर्वाद.

अर्थ कळला, पण लाज उतरली नाही. तुझ्या नापास होण्याची गोष्ट मी आठ वर्षे सांगत आलो. मंडईत, बसमध्ये, दाढी करताना न्हाव्याला. कौतुक म्हणूनच सांगायचो. सांगू का, असे तुला एकदाही विचारले नाही. काल तेजसरावांची माफी मागायला निघालो आणि स्टॉपवरूनच परतलो. तिथेही काहीतरी बोलून बसलो असतो.

लग्नाला येतो. कोणी विचारले तर ही माझी नात, एवढेच सांगेन. पुढचे सांगायचे की नाही, ते तुझे तू ठरव.

राग सरला की फोन उचल.

तुझा,
आबा