मांडव लागणार नाही

२ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतोय.

आमच्या हवामानशास्त्र विभागाला चाळीस वर्षं होतायत. समारंभ २३ तारखेला. अध्यक्ष मी. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून नव्हे.

डीन रुस्माना साहेबांनी स्पष्टच सांगितलं. विद्यार्थी येईनासे झालेत, तेव्हा जानेवारीपासून तुमचा विभाग भूगोलात घालायचा विचार आहे. मात्र माजी विद्यार्थ्यांना विभागाची किंमत आहे असं दिसलं, तर थांबू. मी म्हटलं, दिसेल साहेब. मैदान भरून दिसेल.

म्हणाले, मैदान? नोव्हेंबरात? रोज पाऊस पडणाऱ्या या बोगोरमध्ये?

मी नुसता हसलो. ढगांवर जगणाऱ्या विभागाने छपराखाली लपून चाळिशी साजरी करायची?

४ नोव्हेंबर

ऑफिसच्या नेंगसिहबाई म्हणाल्या, सर, मांडव सांगून ठेवू का, मागून मिळणार नाही. मी ठणकावलं, मांडव लागणार नाही! आपण मांडव घालायचा म्हणजे पोहायच्या मास्तरांनी पाठीला डबा बांधून तलावात उतरायचं. सुर्यालागा पद्धतीनुसार २३ तारीख कोरडी आहे. (सुर्यालागा म्हणजे मी.)

मग म्हणतात, निदान आबा सुकार्मांना तरी बोलवा. हे आबा पाऊस बांधतात. लग्न असो, सभा असो, फुटबॉल असो, म्हातारा कोपऱ्यात बसून लवंगेची सिगारेट ओढतो, काहीतरी पुटपुटतो आणि ढग शेजारच्या गावावर ढकलतो म्हणे. म्हटलं, बाई, हे विद्यापीठ आहे! म्हणाल्या, कुलगुरूंच्या मुलीच्या लग्नातही तेच होते.

मी चष्मा पुसायला घेतला.

७ नोव्हेंबर

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. प्रचंड प्रतिसाद. ‘इन्शाल्ला, सर.’ ‘प्रयत्न करतो, सर.’ ‘बघतो, सर.’ म्हणजे सगळे येणार. तीनशे खुर्च्या सांगितल्या.

इमास (बायको) म्हणाली, माझ्या भाच्याच्या लग्नाला तुम्हीही इन्शाल्लाच म्हणाला होतात. आणि त्या दिवशी घरी झोपून होतात.

ती गोष्ट वेगळी होती.

वुलान कार्तिवाचं उत्तर सगळ्यांत मोलाचं. आता विमानतळाच्या हवामान कार्यालयाची प्रमुख आहे, तिच्या एका शब्दावर विमानं थांबतात. ती विभागाच्या बाजूने बोलली की डीन गप्प. लिहिते, सर, नक्की येते, भाषणही करते. मांडव आहे ना?

वुलान पहिल्यापासून अशीच. एकदा वर्गात मी आज पाऊस का नाही हे फळ्यावर सिद्ध करत होतो, तर हिने हात वर केला आणि म्हणाली, सर, खिडकी लावू का, वह्या भिजतायत. मी ते मनात ठेवलेलं नाही.

१२ नोव्हेंबर

सगळ्यांना एकसारखे बातिकचे शर्ट. समितीने ढगांची नक्षी निवडली. अपशकुन. पण अध्यक्षाने किती ठिकाणी भांडायचं?

तुम्पेंग ठरला. पिवळ्या भाताचा कमरेएवढा शंकू, भोवती कोंबडी, अंडी, तळलेलं टोफू. डीन शेंडा कापतील आणि त्या दिवशीच्या सगळ्यांत मानाच्या माणसाच्या हातात देतील. कोणाच्या, हे उघड आहे. आरशासमोर संकोचल्यासारखा चेहरा करून पाहिला. इमास म्हणाली, दाढ दुखतेय का?

ही बाई तीस वर्षं माझ्याबरोबर राहते. कपडे बाहेर वाळत घालू का, हे मला एकदाही विचारलेलं नाही. मुंग्या बघते आणि ठरवते.

१७ नोव्हेंबर

सकाळची मोजणी केली. सुर्यालागा पद्धतीनुसार २३ ला पाऊस.

यंत्रावर धूळ असणार. पुसलं. पुन्हा मोजलं. जास्त पाऊस.

दुरुस्तीचा गुणांक वापरायचं ठरवलं. असा गुणांक आजवर नव्हता, पण गरज पडल्याशिवाय शोध लागत नाहीत. आता २३ कोरडी. शास्त्रात चिकाटी लागते.

२० नोव्हेंबर

आठवडाभर धो धो. मोजे वाळत नाहीत.

वुलानने ग्रुपवर उपग्रहाचं चित्र टाकलं. खाली एक अक्षर नाही. नुसतं चित्र. अख्ख्या जावा बेटावर पांढरा बोळा. त्याच्याखाली पन्नासेक रडके चेहरे. मी लिहिलं, मुलांनो, आपल्या सरांवर विश्वास ठेवा. सगळ्यांनी वाचलं.

सहज मांडववाल्याकडे डोकावलो. मांडव हवा होता असं नाही, भाव माहीत असावा म्हणून. म्हणाला, सर, एकही शिल्लक नाही. भूगोल विभागाच्या सरांच्या मुलीचं लग्न आहे ना, सगळे तिकडे.

भूगोल!

२१ नोव्हेंबर

इथे खोटं कशाला लिहू? मला भीती वाटतेय. विभाग गेला तर माझं काय उरतं? दारावर माझ्या नावाची पाटी आहे. येता जाता मी ती वाचतो. भूगोलवाले चांगले आहेत, मला एक टेबल देतील. झेरॉक्स मशीनजवळ.

वुलान आली पाहिजे. बाकी कोणी नाही आलं तरी चालेल. वुलान आली पाहिजे.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ

आबा सुकार्मांकडे जाऊन आलो. निव्वळ संशोधन म्हणून.

म्हाताऱ्याने कॉफी दिली. उद्या जमेल का, मी विचारलं. वर हेही सांगितलं, की आमच्या नेंगसिहबाईंना यातलं काही कळता कामा नये. तो दात नसलेलं तोंड उघडून हसला. म्हणाला, अहो, बाई पंधरवड्यापूर्वीच सांगून गेल्यात. त्याही म्हणाल्या, आमच्या सरांना कळू देऊ नका.

घरी आल्यावर खराट्याची काडी घेतली, तिला लाल मिरची, छोटा कांदा, पुन्हा मिरची टोचली आणि अंगणात उभी रोवली. लहानपणी पाऊस थांबावा म्हणून आई करायची. वाऱ्याची दिशा बघायला बरी पडते.

इमास खिडकीत होती. एवढंच म्हणाली, त्या मिरच्या उद्याच्या सांबल चटणीच्या होत्या.

२३ नोव्हेंबर

ऊन! लख्ख ऊन! ढग सालाक डोंगराला वळसा घालून शेजारच्या डेपोककडे गेले. जिंकलो!

दुपारी

तीनशे खुर्च्या. माणसं : मी, नेंगसिहबाई, डीन, तिकडचं लग्न उरकून इथेही जेवायला आलेले भूगोलवाले, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके माजी विद्यार्थी. तेही गावातलेच, रेनकोट घालून आलेले. ढगांचे शर्ट आत.

ग्रुप उघडला. सर, जोराचा पाऊस दिसतोय, निघत नाही. सर, माझ्या हिशेबानेही तेच येतंय. सर, सॉरी. एकूण एक पोराने घरी बसून स्वतःचा अंदाज काढला होता. वुलानचा निरोप शेवटी होता. सर, आकडे स्पष्ट आहेत, वादळ तुमच्याच दिशेने आहे, मला जागा सोडता येत नाही. तुम्हीच शिकवलंत, कोणाच्या सांगण्यावर जायचं नाही, आकडे बघायचे.

शिकवलं होतं. पहिल्याच तासाला.

मग तुम्पेंग. डीनसाहेबांनी शेंडा कापला, वर निळ्या आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, आजचा मान कोणाचा हे सांगायलाच नको. मी पुढे झालो. चेहरा तयार होता. साहेब माझ्या खांद्याला हात लावून पुढे गेले. मागच्या रांगेत आबा सुकार्मा झोपले होते. त्यांना हलवून उठवावं लागलं. टाळ्या पडल्या. नेंगसिहबाईंनी सगळ्यांत जोरात वाजवल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या.

निघताना डीननी नंबर मागितला. आबांचा.

२५ नोव्हेंबर

डीननी बोलावलं. फार प्रेमाने बोलले. म्हणाले, सुर्यालागा, तुमचा अंदाज बरोबर ठरला, मी मानतो. पण माणसं कुठे होती? मी म्हटलं, साहेब, ती सगळी चांगली शिकलेली आहेत, म्हणून आली नाहीत. मग म्हणाले, जानेवारीपासून भूगोल.

पाटी मीच काढली. स्क्रू गंजलेले होते. दमट हवा.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी इमास कपड्यांची बादली घेऊन दारात उभी राहिली. मुंग्यांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, अहो, आज बाहेर घालू का?

तीस वर्षांत पहिल्यांदा. अंगणात गेलो, वारा पाहिला, सालाक पाहिला, मनातल्या मनात सगळा हिशेब केला. गुणांक न लावता. म्हटलं, घाल. आज नाही पडत.

तिने सगळे बाहेर घातले. ढगांचा शर्टही.

दुपारी पाऊस आला. ती सगळे कपडे आत घेऊन आली, पिळले, आणि स्वयंपाकघरात दोरीवर टाकले. दोरी तिथे सकाळपासूनच बांधलेली होती.