लॅमिनेट केलेला शेवटचा सीझन

बाबा, तुमचा कार्डांचा डबा परवा मी ऑकलंडमधल्या एका दुकानात घेऊन गेलो. विकायला नव्हे. आजोबांनी इतकी वर्षं जपलं ते नक्की होतं तरी काय, हे लेकीला जाणून घ्यायचं होतं आणि मला ते धड सांगता येईना. क्रिकेटवर पोसलेला पुण्याचा इंजिनियर इथे न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला येतो, दूध प्रक्रियेच्या यंत्रांवर काम करतो, आणि मायदेशी परतणारा एक अमेरिकन सहकारी त्याच्या हातात बेसबॉलपटूंची छापील कार्डं ठेवून जातो. मग हा माणूस जन्मभर तीच गोळा करत बसतो, तीही फक्त नामवंत खेळाडूंच्या शेवटच्या सीझनची. सामना मात्र एकही बघत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कसं पटवायचं?

दुकानदार भला माणूस होता. तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मला जे सांगायचात, तेच त्याने तिला सांगितलं. खरा पैसा पहिल्या वर्षाच्या कार्डात. शेवटच्या वर्षाचं कार्ड सहसा स्वस्त, कारण निवृत्ती जाहीर करून खेळणाऱ्याची कार्डं लोक ढिगाने जपून ठेवतात. पण जो आजाराने किंवा दुखापतीने अचानक थांबला, त्याचं ते कार्ड शेवटचं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. पोरं ते सायकलच्या चाकात अडकवतात, खिशात कोंबतात, आणि म्हणून धड राहिलेलं एखादं मिळालं की त्याला भाव येतो. "ज्याचं आधी कळलं तो स्वस्त, ज्याचं कळलं नाही तो महाग," हे तुमचं वाक्य मला तिथे उभ्या उभ्या ऐकू आलं. एकदा मी कार्ड मधोमध धरलं तर केवढे खेकसला होतात माझ्यावर. "कडेनं धर. पापड आहे का तो?"

मग डब्याच्या तळातली कार्डं निघाली, तुमची सगळ्यात लाडकी, आणि दुकानदाराने कपाळावर हात मारला. "ओ नो, मेट. ही लॅमिनेट कुणी केली?" लॅमिनेट केलेल्या कार्डाला या धंद्यात कवडीचीही किंमत नाही. मी हसलो. आपल्या घरात दहावीच्या मार्कलिस्टपासून रेशनकार्डापर्यंत काय लॅमिनेट व्हायचं राहिलं होतं? तुम्ही ते मशीन घरी आणलंत तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॅमिल्टनची ओल फार, बुरशी धरेल, असं तुम्ही म्हणालात. "आता मलाही एकदा त्यातून काढा," असं आई वर्षभर म्हणत होती, आणि तुम्ही आमच्याबरोबर हसत होतात.

कार्डं परत डब्यात भरायची होती. साधी कार्डं काउंटरच्या काचेवरून माझ्या बोटांना उचलेनात. डाव्या हातातून एक निसटलं, मग दुसरं. लेकीने खाली वाकून ती उचलली. "बाबा, यू'व्ह ड्रॉप्ड हीप्स टुडे," ती म्हणाली, म्हणजे आज हातातून बरंच काही पडलंय. शेवटी तुमची लॅमिनेट केलेली घेतली. ती जाड, ताठ, कडेला प्लास्टिकची पट्टी सुटलेली. एकेक अलगद हातात आली.

बाबा, मला तिथेच सगळं समजलं. तुमच्या आजाराला डॉक्टरांनी नाव दिलं तेव्हा माझं लग्न होऊन ही पोर रांगत होती. म्हणजे त्याआधी कित्येक वर्षं तुमच्या बोटांना ते कळलेलं होतं, आणि तुम्ही ओलीचं निमित्त सांगत राहिलात. आधी तुमचा भयंकर राग आला. मग ती वर्षं आठवली. काय मजेत होतो आपण तेव्हा.

तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात मी तुम्हाला मऊभात भरवत होतो. हा आजार रक्तातून उतरू शकतो, मुलांनी हवं तर तपासून घ्यावं, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले होते. मी तुम्हाला विचारलं, आधी कळलेलं बरं की न कळलेलं?

"कार्डाच्या भावाचं विचारतोस की माणसाचं?"

"माणसाचं."

तुम्हाला घास गिळायला फार वेळ लागला. मग म्हणालात, "मग मला नको विचारूस."

दुकानातून फ्लॅट बुशला घरी परतताना आम्ही मोटरवेला लागलो. लेक म्हणाली, "आजोबांना माहीत होतं? लाइक, बिफोर एव्हरीवन एल्स?"

"नाही गं," मी म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. स्टिअरिंगवरच्या माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. माझ्यात जे असेल ते तिच्यातही असू शकतं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तिच्या आईलाही मी काही बोललेलो नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या आजारासाठी माझ्या तपासणीची वेळ मी घेतली होती. आज सकाळी लेकीला शाळेत सोडलं, ती आत जाईपर्यंत थांबलो, आणि गाडीतूनच फोन करून ती वेळ रद्द केली.