वरच्या मजल्यावर सायकलीचं दुकान

दादा, आज मी तुमच्यावर परत चिडले आहे. वडील जाऊन इतकी वर्षं झाल्यावर कुणी चिडतं का, असं घरातले विचारतात. मी चिडते.

आकुर्डीला कंपनीच्या गेटसमोर चार पत्र्यांचं तुमचं सायकल दुरुस्तीचं दुकान. शिफ्ट सुटली की कामगारांची ही गर्दी! एका सायकलीचं पंक्चर काढता काढता तुम्ही दुसरीच्या चाकाला नुसता हात लावून सांगायचात, "औट हाय, वाकडं फिरतंय." मग रस्त्यावरच्या दुकानदारांनी मिळून शॉपिंग सेंटर बांधायचं काढलं. इमारत सगळ्यांची, गाळे भाड्याने द्यायचे आणि भाडं वाटून घ्यायचं. स्वतःला गाळा हवा असला तरी तो भाड्यानेच. तुम्ही जागा सोडलीत, आईच्या पाटल्या मोडून त्यात भाग घेतलात. चिठ्ठ्या टाकल्या आणि तुमचा गाळा निघाला वरच्या मजल्यावर. अहो, जिन्याने सायकल वर कोण चढवणार?

आई म्हणाली, "भांडा ना जरा! खालचा मागून घ्या." तुम्ही हसलात. "अगं, वरचा काय न् खालचा काय, सगळी बिल्डिंग आपलीच हाय."

"आपलीच आहे ना? मग भिंतीत एक खिळा ठोकून दाखवा," आई म्हणाली. खिळ्यालासुद्धा कमिटीची परवानगी लागायची.

शेवटी पंप घेऊन तुम्ही जिन्याखाली बसलात. मी तुमचा डबा घेऊन आलेय आणि समोर कमिटीचा चेअरमन उभा आहे, तो किराणावाला. "भाऊ, पायऱ्यांपाशी धंदा करायचा नाही, असं मीटिंगमध्ये ठरलंय. तुमचाच हात पहिला वर होता." मी मनात ओरडतेय, बोला, काहीतरी बोला! तुम्ही पंप उचलता. "बरोबर हाय त्यांचं," म्हणता आणि वर जाता. त्या वेळी माझा असा संताप झाला होता!

खाली कापडवाला, मिठाईवाला जोरात चालले. भाडं येत गेलं, आपला वाटा घरी येत गेला. तुम्ही वर एकटेच, एखादं जुनं चाक तेल घालून फिरवत बसायचात. एकदा जेवताना तुमच्या हाताकडे बघून आई म्हणाली, "नखं गोरी झाली हो तुमची," आणि ताटावरून उठून गेली. तुम्ही मात्र गावाकडच्यांना सांगत राहिलात, आता आपण मालक झालो. कसले मालक, दादा? तुमच्या हातचं काम गेलं आणि तुम्हाला साधा राग येऊ नये?

त्या इमारतीनं माझ्या बापाचा धंदा खाल्ला, असं मी भेटेल त्याला सांगते. ते खरंच आहे. पण माझं शिक्षणही त्याच भाड्यावर झालं, आणि आता वाटा माझ्या नावावर आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. आज भाडं खात्यात जमा झालं म्हणून लिहायला बसले. उद्या बँकेत जाऊन काढून आणीन, नेहमीसारखं.