रकान्यात नसलेली बहीण

सुरत, ९ जून २०२५

ती. आक्कास,
मुकुंदचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू आपल्या मनाने जुळवतेस, म्हणून पत्र. बँकेतून निवृत्त झाल्यावर मिळालेला आरोग्य विमा मोठ्या दुखण्याला पुरणार नाही, म्हणून वर टॉप-अप घेतोय. मंगलाचा, माझा आणि तुझा. अडलंय ते तुझ्यापाशी. कुटुंबाच्या रकान्यात नवरा-बायको, मुलं, आईवडील आहेत, बहीण नाही. वयात सोळा वर्षांचं अंतर आहे, आई लिहा, चालशे, असं एजंट नितीन आपल्या गुजरातीत म्हणतो. मलाही ते फारसं खोटं वाटत नाही. लिहू का?

महिनाभर म्हणून अमळनेरला तुझ्या मैत्रिणीकडे, पुष्पाबाईंकडे गेलीस, त्याला तीन महिने झाले. भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगणारं इथे कुणी उरलं नाही, अशी मंगलाची तक्रार आहे.

लोभ आहे तो असाच राहावा.
तुझा मुकुंद


अमळनेर, १६ जून २०२५

चि. मुकुंदास,
अनेक आशीर्वाद.

आई लिहू नकोस. मी दवाखान्यात पडलेली असताना तुला तिथल्या विम्याच्या खिडकीपाशी उभं राहून खोटं निभवावं लागेल, ते मला नको.

आणखी एक. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा, मी एकोणीसची. तू मलाच आई म्हणायला लागलास आणि मी तुला रागवायची. निदान ते नाव तरी तिचं राहू दे, असं सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे ती हाक मला फार आवडायची आणि त्याचीच भीती वाटायची. हे आजवर कुणाला बोलले नाही.

माझा वेगळा फॉर्म आण. साखर लिही. मार्चमध्ये दोनदा चक्कर येऊन पडले. हृदयाची झडप बिघडलीय, असं डॉक्टर म्हणाले. तेही लिही. तुमच्यावर ओझं नको म्हणून इथे आले. मंगलाला जपून सांग.

माया ठेव, काळजी नको.
तुझी आक्का


सुरत, ८ जुलै २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फॉर्मवर तू बहीणच आहेस. साखर, चक्कर, झडप सगळं लिहिलं. काल कंपनीने तुला नाकारलं. लपवलं असतं तर मिळालं असतं, म्हणून नितीन हळहळला. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप नाही. सत्तरीवरच्यांचं सरकारी कार्ड तुझ्या नावाने काढतोय. झडपेचं त्यात होईल तेवढं होईल, उरलेलं मी बघेन. डॉक्टरांची वेळ मंगळवारची घेतली आहे. मंगला पत्र वाचून खूप रडली आणि मग तुझी खोली झाडायला गेली.

ओझं नको म्हणून बहीण घर सोडून जाऊ शकते. आईला तसं जाता येत नाही. शनिवारी न्यायला येतोय.

तुझा
मुकुंद