सुकाऊचं नातं

४ जून
सुकाऊच्या झाडाची पानं आणायला डोंगरातल्या नामोसी गावी जायचंय — मलाच! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मकरेटाबाई म्हणाल्या, "तुझ्या आईचं गाव ना ते? मग तूच जा." त्यांना काय ठाऊक, त्या गावात मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. आई बाबांबरोबर पळून इथे शहरात, सुवाला आली, ती आलीच. म्हणायची, "भावांनी मला मेली समजलं." आता खरंच गेली. दोन वर्षं झाली.

५ जून
प्रयोगशाळेत दिवसभर तोच वाद. उंच दाकुआ, ताडासारखा लोगोलोगो, रुंद पानांचं सुकाऊ — तिन्ही झाडांत फूल एकालाही नाही, बी उघडंच. पण सुकाऊ नक्की कुणाच्या जवळचं? पान बघून पूर्वी बरेच जण त्याला फुलझाडांचा भाऊबंद समजायचे. जनुकं म्हणतात, छे, पाइनच्या घरातलं! मकरेटाबाई हसल्या — "तोंडावर जाऊ नकोस गं."
माझं तोंड अगदी बाबांचं. आईचं काहीच नाही.

९ जून
नामोसीत पोचले. पाहुण्याच्या रिवाजाप्रमाणे यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवली. ती घेणारा म्हातारा विलिसोनी — नाव आईच्या तोंडून ऐकलेलं, तिचा थोरला भाऊ. माझे मामा! त्यांनी मला ओळखलं नाहीच. "बस गं सुवाच्या बाई, पाय लांब कर." आईचं नाव सांगायला जीभच उचलेना.
मामीनं नारळाच्या दुधातलं सुकाऊ वाढलं. ही भाजी पाइनची नातलग, असं सांगितलं तर मामा खो खो हसले — "ही? मग लग्नकार्याला एकमेकांना ओळखतात तरी का?"
'मामा' ओठांवर आलं होतं. म्हटलं, "आजोबा, पाणी देता?"

१० जून
परतले. बस वळेपर्यंत मामा वाटेवर उभे होते. का?

१७ जून
कामात लक्ष नाही. आमच्यात बहिणीचं लेकरू मामाच्या गावातून हवं ते उचलून नेतं, कुणी 'का' विचारत नाही. मी परवानगी मागून चार पानं आणली.

२१ जून
शेवटी फोन केला. मी कोण ते सांगितलं. मामा म्हणाले, "तिला परत न्यायला आम्ही पाच वेळा सुवाला आलो, पोरी. समेटाची भेट म्हणून देवमाशाचा दात घेऊन. शेवटच्या वेळी एक चिमुरडी दारातूनच म्हणाली, आई घरी नाही."
आठवतंय मला. आई दाराआड उभी होती.