नंदीचं झबलं

३ जून
वैरागहून सोलापुरात आलो, मी आन नंदी. नंदीचा बाप कुर्डुवाडीला रेल्वेच्या कामावर. खोली मिळाली, नळाला पानी हाय, लई बरं वाटलं. खोलीसमोरच्या बंद मागांच्या शेडमदी गुरुशांत सर भंगारातनं मानसं बनवत्यात. मी भंगार निवडायचं. लोखंड, बॉबिन, चिंध्या येगळं येगळं. झाडणारी अक्कम्मा मला बघून म्हनली, पोरीलाच पोर झालंय की. ही वहीबी भंगारातच घावली. सातवीनंतर आज लिवते.

६ जून
नंदी दीड वर्साची. दात येत्यात, दिसरात किरकिर. उभ्या उभ्या डोळा लागतो माझा. सर आता बारकं पोर बनवत्यात. लाकडी बॉबिनची बोटं, पोटात चादरीच्या चिंध्या. जुनं कापड हाय का म्हनले. नंदीचं आखूड झालेलं झबलं दिलं.

७ जून
अक्कम्मानं इचारलं, झबल्याचा दोरा काढून ठिवला का. आमच्यातबी लेकराचं कापड देताना एक दोरा काढून घरात ठिवत्यात, न्हायतर लेकरू कापडामागं जातं. ठावं होतं मला. दमले होते, इसरले.

९ जून
नंदी रडत न्हाय. दोन दिस मी पोटभर झोपले. बरं वाटलं. खोटं कशाला लिवू.

११ जून
भंगारातल्या पोराच्या तोंडात पांढरं टोक दिसलं. सर म्हनले, दात मी बसवलाच न्हाय. नंदीच्या हिरडीत परवा दिसलेला दात आज न्हाय.

१२ जून
नंदीची बोटं वळंनात. गार, लाकडावानी. डॉक्टर म्हनले, अशक्त हाय, पाजत जा. ती वढतच न्हाय. शेडमदी गेलं की माझा पान्हा आपसूक—

१३ जून
उद्या भंगारातलं पोर गाडीनं पुन्याला परदर्शनाला जानार. झबलं मागितलं. सर हसले, म्हनले, उघडं पाठवू व्हय त्याला. अक्कम्मा म्हनली, दोरा तरी काढ. तुटू दिऊ नगं, तुटला तर नंदी तिकडंच राहील.

१४ जून
सकाळीच झबल्याचा दोरा धरला. वढत खोलीपत्तुर आनला. संपत न्हाय. कोमट हाय. टोक नंदीजवळ ठिवलं. तिच्या बेंबीत शिरलं.
बोटं हलली. रडली. माझी नंदी रडली. रड बाई, रड—
भाईर पोर गाडीत चढवत्यात. थांबा म्हनून वरडते, गाडीच्या आवाजात कुनाला ऐकू जाईना—
अजून जरा. डावा हात अजून गार—
गाडी हलली. दोरा ताठ