नव्या गावठाणाचं पाणी

४ फेब्रुवारी, बुधवार
नव्या गावठाणाचं काम माझ्याकडे आलं. वाघांसाठी राखलेल्या जंगलातलं अख्खं गाव बाहेर येणार, मोहर्ली रस्त्याच्या अलीकडे. घरांची आखणी आधीच कोणीतरी केलेली, चिठ्ठ्या टाकून प्लॉटही वाटून झाले. मी बघायचं ते मातीकाम आणि पावसाच्या पाण्याचा निचरा.
दुपारी जागेवर गेले. जमीन सगळी एका कोपऱ्याकडे उतरते, वरच्या धानशेतांच्या बांध्यांचं पाणीही तिकडेच. आणि नेमके त्या कोपऱ्यात पाच प्लॉट.
माजरीची कॉलनी आठवली. आमचं गाव कोळसा खाणीत गेलं तेव्हा मिळालेली. श्रावणात घरात पाणी, विटांवर खाट, खाटेवर आईची शेगडी... जाऊ दे. ऑफिसात कोणाला बोलले नाही.

६ फेब्रु.
खोब्रागडे सरांना सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, मंजूर आखणीला हात लावू नको. ते चष्मा पुसत राहिले. "भर टाकून घरं उचलता येतील ना?"
"येतील सर. पण पाणी मग शेजारच्याच्या दारात जाईल."
"तू आकडे पक्के कर. भांडायचं माझ्याकडे."
असा साहेब नशिबानं मिळतो. चहा मीच पाजला.

१० फेब्रु., मंगळवार
जेसीबीनं खड्डे घेतले. वरच्या अंगाला चांगला मुरूम, कोपऱ्यात मात्र खोलवर काळी माती. पाण्यानं फुगणारी, उन्हात भेगाळणारी. वरचा मुरूम कापून रस्त्यांना पुरेल, बाहेरून ट्रक मागवायला नको. तेवढाच आनंद.
गावातून ट्रॅक्टरनं काही जण आपापली जागा बघायला आले. पार्वताबाईचा प्लॉट त्या कोपऱ्यातला. विधवा, सोबत सासू. बराच वेळ मातीत चप्पल घासत उभी होती.
"मॅडम, माह्या घरात पाणी येईन का?"
येईल, म्हणाले. तोंडून निघूनच गेलं.
चिडली नाही. "बरं केलं सांगतलं. सारे म्हनते, काई होत नाई बाई. काई होत नाई म्हनलं का मले भेवच वाटते."

१६ फेब्रु.
हिशेब झाला. माझं म्हणणं असं: कोपऱ्यात घरं नकोतच. तिथं बोडी खोदायची, लहानसं तळं. जोराचा पाऊस आला की पाणी आधी तिच्यात थांबेल आणि पाइपातून हळूहळू नाल्याला जाईल. पाच घरं वर, समाजमंदिरासाठी राखलेल्या जागेत.
सर खरंच भांडले. फोनवर, उभं राहून. पलीकडचे वरिष्ठ साहेब शेवटी म्हणाले, गावानं लिहून दिलं तर बोडीला परवानगी देतो, घरं हलवायचं मात्र वर विचारायला पाठवतो.
म्हणजे आता गावाला विचारायचं.

२१ फेब्रु., शनिवार
जुन्या गावात बैठक. सर गुडघा दुखत असताना आले.
नकाशा जमिनीवर पसरला, चारी टोकांना दगड. मी उतार, वेग, पाइपाचा व्यास सांगत सुटले. कोणाला काही कळून नाही राहिलं, माझं मलाच दिसत होतं. रामाभाऊ गावात सगळ्यात जाणते. ते म्हणाले, "समाजमंदिराची जागा गेली तं लग्न कुठी लावाचं? तेरवी कुठी कराची?" मागून कोणीतरी, "पाचाईसाठी साऱ्याईनं काऊन सोडावं?"
 मग नकाशा सोडला आणि माजरीचं सांगितलं. शेगडी, ओल्या पुस्तकांचा वास, बाबा दर पावसाळ्यात कुदळ घेऊन नाली खोदायचे आणि पाणी शेजाऱ्याच्या घरात जायचं, मग भांडण. ज्यांची घरं आमच्यासोबतच खाणीत गेली त्यांच्याशीच. 
 रामाभाऊंच्या बायको लीलाबाई, त्यांचा प्लॉट तर अगदी वर, त्या म्हणाल्या, "मांडव कुठी बी टाकता येते. बोडीच्या पाळीवर बसू. हिच्या घरात पानी आलं तं आपल्याले जेवन गोड लागन का?"
रामाभाऊ बायकोकडे बघत राहिले. मग मला, "मासोळी टाकता येईन का बोडीत?"
येईल, मी म्हणाले, पण पावसाळ्यात वरची अर्धी बोडी रिकामी ठेवावी लागेल, पाइपाचं दार उघडून. ते मान्य असेल तरच. "पानी राखाचं आमाले शिकवू नका," रामाभाऊ म्हणाले, पण हसून. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले.


२२ फेब्रु.
आईला सगळं सांगितलं. ती अंबाडी निवडत होती.
"आपल्याले असं कोनी इचारलंच नाई."
मग, "किती खोल आहे तुही बोडी?"
पदरानं डोळे पुसले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

९ मार्च, सोमवार
बोडी खोदायची परवानगी आली, काम सुरू. घरांच्या जागेचं पत्र मात्र नाही. वर गेलंय, एवढंच कळतं.
लीलाबाईंनी जवसाची चटणी पाठवली. सरांना इतकी आवडली, मला डब्याला हातच लावू देईनात.

२७ मार्च
बोडीच्या कडेची मातीची पाळ दाबून झाली. पाइप बसला, त्याच्या तोंडाशी दगड रचले. छान दिसते. किती जणांमुळे झालं हे, मोजत बसले तर कागद पुरणार नाही.
घरांचं पत्र नाही. सर तिसऱ्यांदा वरच्या ऑफिसात जाऊन आले.
पार्वताबाई सासूला घेऊन आली होती. वरच्या, समाजमंदिरासाठी राखलेल्या मोकळ्या जागेत म्हातारीला हाताला धरून फिरवलं, एका ठिकाणी थांबवलं. "इथी दार ठेवीन. सकाळचं ऊन सरळ चुलीवर."
मी म्हणाले, बाई, पत्र यायचं आहे. कदाचित येणारही नाही.
"येईन तवा येईन. दार तं ठरवू द्या."
माझ्याकडची आखणीची एक खुंटी मागितली. तिथंच दगडानं ठोकली.
ती खुंटी कोणत्याच नकाशात नाही. मी काढली नाही.